वणव्याचा अंदाज आणि संगणकीय प्रारूपांच्या मर्यादा

प्रश्न: वणवा कोणत्या दिशेने व किती वेगाने पसरेल हे संगणकीय प्रारूपे सांगतात, तर मग त्यांचे नकाशे कधी कधी प्रत्यक्ष आगीपासून इतके दूर का जातात?

उत्तर १: अनेक प्रारूपांच्या मुळाशी अमेरिकी अग्निसंशोधक रिचर्ड रॉदरमेल यांची १९७२ मधील समीकरणे आहेत. गवत व पालापाचोळा किती, त्यात ओलावा किती, वारा आणि चढ किती, यांवरून ती आगीच्या आघाडीचा वेग काढतात. 'फारसाइट' ही संगणक प्रणाली मग आघाडीवरील बिंदूंपासून लहान लंबवर्तुळे पसरतात असे धरून पुढची सीमा आखते. मात्र ही समीकरणे जमिनीलगतच्या आगीसाठी आहेत. झाडांच्या शेंड्यांवरून धावणाऱ्या आगीचे गणित वेगळे.

उत्तर २: शिवाय मोठा वणवा स्वतःच वारा निर्माण करतो. तापलेली हवा वर उसळते, भोवतालची आत ओढली जाते, आणि बाहेरून दिलेला वाऱ्याचा अंदाज त्या जागेपुरता कुचकामी ठरतो.

उत्तर ३: उडते निखारेही आहेतच, एखादा निखारा ओढा ओलांडून वाळक्या गवतात पडला की आखलेली सीमा निरर्थक होते. म्हणून एकाच नकाशावर विसंबण्यापेक्षा वारा व ओलावा थोडाथोडा बदलून प्रारूप अनेकदा चालवावे आणि प्रत्येक ठिकाणी आग पोहोचण्याची शक्यता पाहावी, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.