पाटणकर परिवार (सर्व)

सुमनआत्या: नितीन, मेघनाचं स्टेटस पाहिलं. अर्णव भल्या पहाटे कॅनॉलच्या काठावर गळ टाकून बसलाय. एकटा? बंड्याचं विहिरीचं प्रकरण सगळे विसरलेले दिसतात.

बंडू: आत्या, मी जिवंत आहे. ग्रुपवरच आहे.

अण्णाकाका: नितीन, वरून विजेची तार जाते का ते बघ. हल्लीच्या काठ्या कार्बन फायबरच्या, त्यातून करंट जातो. तारेला टेकायचीही गरज नाही, जवळ गेली तरी पुरे. बोर्डात जन्म गेला म्हणून सांगतो.

नितीन (लंडन): आत्या, फोटो मीच काढलाय, शेजारीच होतो. ग्रँड युनियन कॅनॉल आहे, मधोमधही साधारण छातीइतकंच पाणी. खोल असतात ते लॉक, म्हणजे बोटी वर-खाली करायचे दारं लावलेले हौद, आणि लॉकपाशी मासेमारीला बंदीच आहे.

सुमनआत्या: कुणाच्या छातीइतकं? तुझ्या की त्याच्या?

विलासकाका: हा आपल्या शेतीच्या पाटासारखा नव्हे हं. १७९३ ला कायदा झाला, १८०५ ला पूर्ण. तेव्हा नाव ग्रँड जंक्शन, ग्रँड युनियन झालं १९२९ मध्ये. कोळशाने भरलेल्या बोटी काठावरून घोडे ओढत. पोरगा बसलाय ती घोड्यांचीच वाट.

बंडू: आता तिथून सायकली जातात. काठी आडवी ठेवलीत तर घोडा परवडला म्हणाल.

रुपालीवहिनी: मासा कुठला मिळाला? आणि केलं काय त्याचं?

नितीन (लंडन): पर्च. परत सोडला. कॅनॉलमधला मासा घरी न्यायचा नाही असा इथला नियम.

रुपालीवहिनी: सोडला??? मालवणात पहाटे उठून मासा धरला आणि सोडून आलास तर तुलाच घरात घेणार नाहीत 😂

सुमनआत्या: ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे चालतं. आमच्या दादांनी शेवटपर्यंत माळ उतरवली नाही. खायचा नाही तर त्या मुक्या जिवाच्या तोंडात आकडा अडकवायचा कशाला?

रुपालीवहिनी: मीसुद्धा तेच म्हणतेय आत्या 🙏 लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा एकमत.

अण्णाकाका: वरून विजेची तार जाते का ते बघ. कार्बन फायबर.

मेघना: आत्या, मासा ओल्या हाताने धरतात, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. गळाला उलटा काटाही नसतो. तेवढी काळजी घेतात दोघं. पण आमिषाच्या आळ्या माझ्या फ्रीजमध्ये दह्याशेजारी असतात, ते नितीनने सांगितलं का? बाहेर ठेवल्या तर त्यांचे कोष होतात म्हणे.

बंडू: संपलं. दादांच्या नातवाचा फ्रीज.

नितीन (लंडन): डब्याला झाकण आहे.

मेघना: झाकणाला भोकं आहेत.

डॉ. स्वाती: आळ्यांपेक्षा पाण्याकडे लक्ष द्या. अशा पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टो होतो. हाताला खरचटलं असेल तर आधी पट्टी. घरी आल्यावर साबणाने हात, मगच खाणं. नंतर ताप आला तर डॉक्टरांना कॅनॉलवर गेल्याचं आवर्जून सांगा.

सुमनआत्या: मी बोलले की घाबरट. स्वाती बोलली की सल्ला.

विलासकाका: परवाना लागतो ना तिथे?

नितीन (लंडन): माझा आहे. १३ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

सुमनआत्या: पण अर्णवला चौदावं लागलं की.

नितीन (लंडन): तेरावं लागलंय आत्या, तेरा पूर्ण नाही झाली.

सुमनआत्या: बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात होती, मला नको शिकवू. गेल्या महिन्यात तेरा पूर्ण झाली. मी पैसेही पाठवले होते. त्याची पोच अजून यायची आहे.

मेघना: आत्यांचं बरोबर आहे. पैसे मिळाले आत्या, खरंच राहून गेलं कळवायचं.

विलासकाका: विनापरवाना सापडलं तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होतो.

बंडू: वाड्याच्या वाटणीत आमच्या वाट्याला तेवढेही आले नाहीत.

विलासकाका: बंडू, तो विषय इथे नको.

बंडू: कुठे काढायचा ते सांगा, तिथे काढतो.

नितीन (लंडन): १३ ते १६ वयाच्या मुलांना परवाना फुकट असतो, फक्त काढावा लागतो. आत्ता ऑनलाइन काढतोय. झालं समाधान सगळ्यांचं?

सुमनआत्या: समाधानाचं काय, आम्ही आपले बोलून मोकळे. लाइफ जॅकेट घे म्हणजे झालं.

अण्णाकाका: तारेचं कुणी उत्तर दिलेलं नाही.

अर्णव: अण्णाआजोबा, तार नाहीये. पूल आहे.

अण्णाकाका: शाब्बास. पुलाखालून केबल गेलीय का तेवढं बघ.