मदत हवी आहे: गावच्या डीटीएचचा रिचार्ज वाढलाय, दुसऱ्या टीव्हीला एनसीएफ (चॅनेलच्या किमतीशिवाय लागणारं नेटवर्कचं मासिक शुल्क) किती लावू शकतात?

नमस्कार मंडळी,
आईबाबा चिपळूणजवळ गावी असतात, मी पुण्यात. घरी दोन टीव्ही, एक ओटीवर बाबांच्या बातम्यांसाठी आणि एक आतल्या खोलीत आजीसाठी, ती पडूनच असते त्यामुळे तिला तेवढाच विरंगुळा. रिचार्ज मीच इथून मारते. गेल्या काही महिन्यांत रक्कम वाढत गेली म्हणून अ‍ॅपमध्ये खोदून बघितलं तर चॅनेलचे पैसे जवळपास तेच आहेत, वाढलाय तो एनसीएफ, आणि दुसऱ्या बॉक्सला पण पूर्ण लावलाय.

मला आठवतंय २०१९ च्या फेब्रुवारीत नवीन पद्धत आली तेव्हा बाबांनी कागदावर चॅनेल लिहून काढले होते, १०० चॅनेलला १३० रुपये अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. मग २०२० मध्ये ट्रायने (केबल-डीटीएचचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) त्याच १३० मध्ये २०० चॅनेल केले आणि एकाच घरात एकाच नावावर दुसरं कनेक्शन असेल तर त्याला एनसीएफच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणजे ५२ रुपये, असं ठरलं. कॉल सेंटरला हे सांगितलं तर म्हणाले मॅडम ते जुनं झालं. खरंच का? आणि पॅक मोडून सुटे चॅनेल घेता येणार नाहीत असंही म्हणाले, हे मला अजिबात पटत नाहीये. बाबा म्हणतात जाऊ दे, पण पेन्शनीतल्या माणसाला दरमहा वरचे शंभर दीडशे कमी नाहीत हो.

फ्री डिशचा विचार केला, दरमहा काही द्यावं लागत नाही आणि सह्याद्री पण दिसतं, पण आजीच्या दोन मालिका तिथे नाहीत.

प्रतिसाद:
ताई, एनसीएफबद्दल ते बरोबर बोलले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफवरची मर्यादाच काढली, त्यात दुसऱ्या टीव्हीचा ४० टक्क्यांचा नियमही गेला. आता भागाप्रमाणे, ग्राहकाप्रमाणे वेगळा दर लावता येतो, फक्त तो जाहीर करून ग्राहकाला कळवावा लागतो. तेव्हा तुम्हाला कधी आणि कसं कळवलं ते लेखी मागा.
सुट्या चॅनेलचं मात्र साफ चूक आहे, तो हक्क तसाच आहे. प्रत्येक पे चॅनेल सुटा देणं बंधनकारक आहे, आणि १९ रुपयांच्या वर किंमत असलेला चॅनेल तर बुकेत, म्हणजे चॅनेलच्या एकत्र पॅकमध्ये, घालताच येत नाही. तक्रार नंबर घ्या, मग कंपनीचा नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला वरचा अधिकारी. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे पुढे १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, एवढ्या रकमेला फी पण नाही.

धागाकर्ती:
खूप आभार दादा, आजच मेल टाकते. एकच विचारायचं राहिलं, दोन्ही बॉक्स बाबांच्या नावावर आहेत, तर आजीच्या बॉक्सवर फक्त तिचे दोन चॅनेल आणि फ्री वाले ठेवून बाबांचा वेगळा पॅक ठेवता येतो का? कुणी असं करून घेतलं असेल तर प्लीज सांगा, पुढचा रिचार्ज रविवारी आहे.