आठ मार्च म्हणजे फक्त संगीत खुर्ची का?

गुहागरकर: गावच्या ग्रुपवर काल एकाने टाकलं, "महिला दिन आनंदाचा दिवस, त्यात राजकारण नको." अहो तो दिवस आलाच राजकारणातून! १९१० ला कोपनहेगनच्या समाजवादी बायकांच्या परिषदेत जर्मनीच्या क्लारा झेटकिनने मांडला, मतदानाच्या हक्कासाठी. १९१७ ला रशियातल्या पेट्रोग्राडच्या गिरणीकामगार बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्यात झारची सत्ता गेली. युनोने तो दिवस पाळायला घेतला तो १९७५ ला. आणि आमच्याकडे काय, पैठणीचा लकी ड्रॉ. काजू सोलून बोटं काळी पडलेल्या बायकांना गुलाब देतात, मजुरी तीच.

राजापूरची सून: माझ्या सासूबाई वर्षातून त्या एकाच दिवशी एकट्या घराबाहेर पडतात, खेळतात, हसतात. तेवढं तरी राहू द्या की.

बागायतदार: बरोबर. मोर्चे काढून कुणाचं पोट भरलंय?

माहेरवाशीण: मजुरीचं राहू दे, सातबाऱ्याचं बोला. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हिस्सा आहे. आमच्या आत्याला गणपतीत बोलावलं, मोदकाचं ताट पुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर ऑफिसात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. आंब्याची चाळीस कलमं गेली.

बागायतदार: फवारणी आम्ही करायची, राखण आम्ही करायची, सोसायटीचं कर्ज आमच्या नावावर, मोहोर गळला की रात्री झोप नाही, आणि बहिणी मुंबईला बसून वाटा मागणार? आणि आमचे वडील २००५ च्या आधीच गेले, कायदा लागूच नाही. माझ्या बहिणीने स्वखुशीने सही दिली.

माहेरवाशीण: लागू आहे, सुप्रीम कोर्टाने २०२० ला स्पष्ट सांगितलं, २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. आणि स्वखुशी म्हणे! मी पण दिलीय सही, माहेर तुटेल या भीतीने. तुम्ही तिला कधी विचारलंत?

बागायतदार: तुम्ही माझ्या घरात नाक खुपसू नका.

गुहागरकर: विषय आठ मार्चचा होता...

माहेरवाशीण: हाच आठ मार्चचा विषय आहे!

राजापूरची सून: सासूबाईंना आत्ताच विचारलं. त्यांनीही दिलीय सही. कागदात काय लिहिलं होतं ते कुणी वाचून दाखवलंच नाही म्हणाल्या.

बागायतदार: नाही विचारलं मी तिला, मान्य. पण फवारणीचा खर्च वाटून घ्यायची तयारी असेल तरच हिश्शाचं बोला.

माहेरवाशीण: तयारी आहे. आधी विचारा तर.