मदत हवी आहे : हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर बाबा शिंक दाबून धरतात

नमस्कार. माझे बाबा ७२ वर्षांचे असून आई आणि ते दोघेच देवगडजवळच्या आमच्या कौलारू घरात राहतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन जाळी बसवली. जखम चांगली भरते आहे. मात्र सकाळी अंथरुणातून उठताच त्यांना ओळीने दहा-बारा शिंका येतात आणि टाक्यांच्या जागी कळ येते म्हणून ते नाक चिमटीत धरून, ओठ मिटून शिंक आतच जिरवतात. त्या वेळी त्यांचा चेहरा लालबुंद होतो, मानेच्या शिरा टरारून फुगतात आणि नंतर बराच वेळ कानांना दडे बसल्यासारखे वाटते, असे ते सांगतात.

ही सवय तशी जुनी आहे. कोणी बाहेर निघताना शिंकणे अपशकुनाचे, म्हणून आम्ही मुंबईला निघालो की बाबा शिंक गिळत असत. त्यांच्या श्रद्धेला मला दुखवायचे नाही, पण आता मला भीती वाटते. शिंक दाबणे अपायकारक आहे का? आणि मोकळेपणी शिंकल्यास जाळी सरकेल का? पावसाळा नुकताच सरला आहे, भिंतींना अजून ओल आहे आणि माळ्यावरून काढलेल्या गोधड्यांना कुबट वास येतो, हेही सांगून ठेवते.

उत्तर

ताई, मी अनेक वर्षे शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते. बाबांना शिंक दाबू देऊ नका. नाकाच्या अस्तराला धूळ झोंबली की ट्रायजेमिनल नस मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला ती वर्दी देते. मग छातीत खोल श्वास भरतो, घशातली फट क्षणभर मिटते, पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू आवळतात आणि कोंडलेली हवा एकदम सुटते. पोट आवळते म्हणून टाके दुखतात, आणि शिंक दाबली तरी ते आवळायचे थांबत नाही. उलट वाट न मिळालेली हवा कानाकडे जाणाऱ्या नळीत शिरते. बाबांना दडे बसतात ते त्यामुळेच. इंग्लंडमधील लेस्टर येथे एका ३४ वर्षांच्या माणसाने असेच नाक-तोंड बंद करून शिंक रोखली, तेव्हा त्याचा घसा आतून फाटला. २०१८ साली ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. असे क्वचितच घडते, पण घडते.

शिंकेची चाहूल लागताच बाबांनी बसून, थोडे पुढे वाकून, टाक्यांच्या जागी उशी किंवा घडी केलेला टॉवेल तळहाताने घट्ट दाबून धरावा आणि तोंड उघडे ठेवून कोपराच्या वळणात शिंकावे. खोकला-शिंका येणारच हे धरूनच जाळी बसवलेली असते, त्यामुळे साध्या शिंकेने ती सहसा सरकत नाही. तरीही तिथे नवा फुगवटा दिसला किंवा दुखणे वाढत गेले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना दाखवा.

गोधड्यांचे तुम्ही सांगितलेत ते फार बरे केलेत. धुळीतले सूक्ष्म किडे हवेतल्या दमटपणावरच जगतात आणि आपल्या किनाऱ्यावर त्याला तोटा नाही. बाबांच्या चादरी, उशांचे अभ्रे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर आठवड्याला धुवा आणि माळ्यावरच्या गोधड्या तूर्त त्यांच्या खोलीत नकोत.

एक मात्र जपा : दुकानातून सर्दीची गोळी परस्पर आणू नका. त्यांतल्या काही जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी या वयाच्या पुरुषांची लघवी अडते, आणि कुंथावे लागले तर ताण पुन्हा त्याच टाक्यांवर येतो.