कळा खऱ्या की खोट्या? तुमचे अनुभव लिहा

मला ३८वा आठवडा लागलाय. पहिलीच खेप, माहेरी यावलला आहे. दवाखाना भुसावळला, म्हणजे तापी ओलांडून जायचं. कालपासून पोट मधेच दगडासारखं होतं नि सुटतं. आई म्हणते अजून वेळ आहे, मावशी म्हणते बॅग भर. निघायचं कधी, हे तुम्हाला कसं कळलं?

चोपड्याहून: घाबरू नको व माय. मी दोनदा बॅगेसकट जाऊन परत आले! तिसऱ्यांदा नवऱ्याने वीजबिलाच्या पाठीमागे वेळा लिहिल्या. २.१०, २.३१, २.४५, २.५५... आधीच्या कळा पाणी पिऊन कुशीवर पडलं की विरायच्या. या कमरेतून निघून पोटावर यायच्या, ओट्यावर फेऱ्या मारल्या तरी हटेनात. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाच-पाच मिनिटांनी तासभर येत राहिल्या की निघा. पण आमचा दवाखाना जळगावला, तासाभराचा रस्ता. आम्ही आठ मिनिटांवरच निघालो.

अमळनेरहून: मला कळ एकही नव्हती. पहाटे गादी ओली. वाटलं लघवीच झाली, लाजेने बोललेच नाही. पण दाबून धरलं तरी थांबेना. सासूबाई म्हणाल्या, कळा येऊ दे, मग जाऊ. जाऊबाईंनी ऐकलं नाही, सरळ रिक्षा आणली. पाणमोट फुटली की कळांची वाट बघायची नसते. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच, पाणी किती वाजता गेलं नि रंग कसा? हिरवट असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते. पांढरा पॅड लावून जा, रंग दाखवता येतो.

धुळ्याहून: मला आधी रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव गेला, बाळंत झाले दोन दिवसांनी. पाळीसारखं रक्त गेलं तर मात्र लगेच पळायचं. आणि कुणी एरंडेल देईल, घेऊ नकोस. मी घेतलं. रात्रभर संडासच्या वाऱ्या, कळ एक नाही.

धडगावकडची आशाताई: आमच्या पाड्यांवर पावसात नाल्याला पाणी आलं की कळा मोजायला सवड कुठली? म्हणून तारखेआधीच बाईला आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या सरकारी खोलीत, आणून ठेवतो. १०२ नंबरची रुग्णवाहिका फुकट असते. नंबर तुझ्याच फोनमध्ये ठेव, नवरा नेमका शेतात असतो.

शहाद्याहून: बाया सांगतात, शेवटी जागा पुरत नाही म्हणून बाळ हलत नाही. चूक. शेवटपर्यंत हलायलाच हवं. मला कमी वाटलं, रात्री ११ला गेले. सगळं ठीक निघालं, कुणी रागावलंही नाही.

यावलहून, पुन्हा मीच: बॅग भरली. हे वाचतानाच एक आली, ९.२०ला. पाणी पिऊन कुशीवर पडले. आता १० वाजलेत, पुन्हा नाही. आई हसतेय, पण गाडीवाल्या काकांचा नंबर भिंतीवर खडूने तिनेच लिहून ठेवलाय.