बांगडा खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या: ही माशांची अ‍ॅलर्जी समजावी का?

माडाची_सावली (प्रश्न)

गेल्या आठवड्यात नात्यातल्या एका घरी दुपारी बांगड्याचे तिखले आणि तळलेले बांगडे असे जेवण झाले. जेवून उठेपर्यंत माझा चेहरा व मान लालभडक झाली, डोके ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली आणि थोड्याच वेळात पोटावर व दंडांवर गांधी उठल्या. त्याच पंगतीतल्या माझ्या जावेलाही चेहऱ्याची आग आणि डोकेदुखी जाणवली. तिच्या अंगावर मात्र काही उठले नाही. डॉक्टरांनी सेट्रिझिन ही हिस्टामिनचा परिणाम रोखणारी गोळी दिली आणि संध्याकाळपर्यंत सारे ओसरले. सासूबाईंच्या मते हे अंगावर पित्त उठले आहे, आमसुलाचे पाणी लावावे आणि यापुढे मासे बंद करावेत. मी लहानपणापासून बांगडा खात आले आहे आणि आजवर कधीही त्रास झालेला नव्हता. अ‍ॅलर्जी अशी अचानक उद्भवते का? केवळ बांगडा सोडावा, की सुरमई, पापलेट, कोळंबी सगळेच? एका प्रयोगशाळेने रक्तातून शंभराहून अधिक पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासण्याचे पॅकेज सुचवले आहे. ते करून घ्यावे का?

त्वचारोग_वैद्य

आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात सांगून गेला आहात, ती म्हणजे जावेला झालेला त्रास. अ‍ॅलर्जी ही ज्या-त्या व्यक्तीच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. एकाच पंगतीतल्या दोघींना एकाच वेळी ती होण्याची शक्यता फारच थोडी. त्यामुळे प्रथम संशय घ्यायला हवा तो माशात साठलेल्या हिस्टामिनच्या विषबाधेचा, जिला स्कॉम्ब्रॉइड विषबाधा म्हणतात. बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यानंतर पुरेसा थंड ठेवला नाही, तर जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन तळल्याने, शिजवल्याने किंवा नंतर मासा गोठवल्याने नाहीसे होत नाही. अ‍ॅलर्जीत आपल्या शरीरातल्या पेशी जे रसायन सोडतात, तेच येथे ताटातून पोटात जाते. म्हणून लक्षणे सारखी दिसतात आणि सेट्रिझिनने दोन्हींत आराम पडतो. औषध लागू पडले, यावरून निदान करता येत नाही.

खरी अ‍ॅलर्जी प्रौढ वयातही नव्याने उद्भवू शकते, हेही तितकेच खरे. तीत आयजीई नावाची प्रतिपिंडे (प्रतिकारशक्तीने तयार केलेली संरक्षक प्रथिने) माशातल्या विशिष्ट प्रथिनाला, बहुधा पार्व्हाल्ब्युमिनला, ओळखतात. योगायोग असा की या प्रतिपिंडांचा माग लावणारा 1921 सालचा प्रसिद्ध प्रयोग माशाच्या अ‍ॅलर्जीवरच झाला होता: डॉक्टर क्युस्टनर यांना मासा सोसत नसे, त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी डॉक्टर प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली.

पॅकेजविषयी स्पष्ट सांगतो: त्यात आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे मोजत असतील, तर पैसे वाया घालवू नयेत, कारण एखादा पदार्थ आपल्या आहारात आहे एवढेच त्यातून कळते. आयजीईचीही सरसकट चाचणी करू नये. संशयित माशापुरतीच करावी, कारण चाचणी सकारात्मक येऊनही मासा खाल्ल्यावर काहीही न होणारे पुष्कळ लोक असतात. त्वचेवरील प्रिक चाचणी (अर्काचा थेंब ठेवून त्वचेला हलके टोचण्याची) करणार असाल, तर सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात. रक्ताच्या चाचणीला ती अट नाही. तोवर बांगडा व इतर मासे खाऊ नयेत. आणखी एक विचारतो: आपण किंवा जाऊबाई क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेता का? त्या औषधामुळे शरीरात हिस्टामिनचा निचरा मंदावतो आणि ही विषबाधा तीव्र होऊ शकते.

बर्फाची_पेटी

आमचा मासळीचा व्यवसाय आहे. लोक वासावर आणि कल्ल्यांच्या रंगावर मासा पारखतात, ते योग्यच आहे, परंतु हिस्टामिन झालेला बांगडा दिसायला आणि वासालाही चांगला असू शकतो. असा मासा कधीकधी जिभेला चुणचुणतो, असे सांगतात. पण तिखल्यात तिरफळ असेल, तर ती चुणचुण कोणाच्या लक्षात येणार? बर्फ थरांमध्ये घातलेला आहे की नुसता वर पसरला आहे, हे विकत घेताना पाहावे, आणि बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर ठेवून इतर कामांना लागू नये. आमसूल किंवा लिंबू चोळल्याने वास जातो, झालेला बिघाड जात नाही.

तिसऱ्या_नकोत

कोळंबीविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलाला तिची निदान झालेली अ‍ॅलर्जी आहे. कोळंबी, खेकडा, शेवंड यांतले मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन असून ते माशांतल्या प्रथिनाहून वेगळे आहे, त्यामुळे माशाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने कोळंबी सोडलीच पाहिजे असे नाही, आणि उलटही नाही. माझा मुलगा पापलेट निर्धास्त खातो. मात्र जवळा आणि सोडे ही कोळंबीचीच जात, हे पाहुण्यांकडे दर वेळी समजावून सांगावे लागते. खानावळीत कोळंबी तळलेल्या तेलातच सुरमई तळतात, ते निराळेच. आवेष्टित पदार्थांवर मासे आणि कवचधारी जलचर यांचा उल्लेख असणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे, परंतु लग्नातल्या चटणीवर लेबल कोण लावणार?

माडाची_सावली

सर्वांचे आभार. आयसोनियाझिड आम्ही दोघीही घेत नाही. चौकशी केली, तेव्हा कळले की बांगडे सकाळीच आणले होते, पण वीज नसल्याने ते दुपारपर्यंत टोपलीतच राहिले होते. तरीही चाचणी होईपर्यंत मासे बंद ठेवीन. तोवर चुकून पुन्हा असे झाले, तर घरी थांबावे की रुग्णालय गाठावे?

त्वचारोग_वैद्य

नुसत्या गांधी आणि खाज असेल, तर गोळी घेऊन जवळच्या माणसाच्या नजरेखाली थांबावे. श्वासाला घरघर, आवाज बसणे, जीभ किंवा घसा सुजणे, वारंवार उलट्या, भोवळ यांपैकी काहीही दिसल्यास ती अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतू शकणारी तीव्र प्रतिक्रिया) समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिन हा पहिला उपचार असतो. सेट्रिझिन त्याची जागा घेऊ शकत नाही. भोवळ येत असल्यास आडवे करून पाय उंच ठेवावेत, उभे करून चालवू नये. श्वास लागत असेल, तर बसू द्यावे. त्या वेळी रक्तातील ट्रिप्टेज (शरीरातल्या याच पेशी सोडतात ते एक द्रव्य) तपासण्याची विनंतीही करावी: अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये ते काही तास वाढलेले सापडू शकते, माशातल्या हिस्टामिनने ते वाढत नाही.