शिडाच्या बोटीनं मित्रांबरोबर फिरणं, याला आपल्यात काय म्हणायचं?

बेळगावकर:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही मित्र चोर्ला घाट उतरून पणजीला जायचं म्हणतोय, तिथं शिडाची बोट म्हणजे यॉट घेऊन मांडवीच्या तोंडाशी, आग्वादच्या आतल्या बाजूनं आणि जमलं तर पुढं दोनापावलापर्यंत. घरी सांगितलं क्रूझला चाललोय, तर सगळ्यांना वाटलं मांडवीवरची ती डीजे लावलेली बोट, तिकीट काढायचं, तासभर नाचायचं आणि परत. नौकाविहार म्हटलं तर बागेतल्या तळ्यातली पॅडलची बोट डोळ्यापुढं येतीय. जलपर्यटन तर निव्वळ सरकारी बोर्डावरचा शब्द, घरात कोण बोलतंय तसं? मला शब्द असा हवाय की त्यात वारा आला पाहिजे, कुठं ठरलेल्या वेळेला पोचायची घाई नाही हे आलं पाहिजे, आणि किनारा सोडून लांब जात नाही हेही.

निपाणीकर:
कन्नडात हायिदोणी म्हणतात की. हायि म्हणजे शीड, दोणी म्हणजे होडी, संपला विषय. आपली डोणी तीच. पण तो बोटीचा शब्द झाला, फिरण्याचा नव्हे.

खानापूरकर:
सफर म्हणा हो दादा, दुसरं शोधायचं कारणच नाही. सिंदबादच्या आपण सफरी म्हणतो, सहली म्हणत नाही. सहल म्हटलं की एसटी आणि डबा, सफर म्हटलं की पाणी आणि वारा, निदान माझ्या कानाला तरी. "शिडाची सफर" असं सरळ म्हटलं तर आमच्या आजीलापण कळेल.
नौदलानं परिक्रमा शब्द घेतला ते बघा. सागर परिक्रमा, म्हणजे पृथ्वीला फेरी मारून निघालो तिथंच परत. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकटे जाऊन आले, मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टोमी कुठल्याच बंदरात न थांबता. दोघांची बोट एकच, गोव्यात बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई'. आता हे आम्हा खानापूरकरांना किती लागतं सांगू, म्हादई आमच्या तालुक्यातल्या जंगलात उगम पावती, खाली गोव्यात गेली की तीच मांडवी, म्हणजे तुम्ही ज्या पाण्यावर शीड उभारणार ते आमच्याच डोंगरातनं आलेलं. पण परिक्रमा शब्द तुम्हाला नको, तो मोठ्या फेरीचा आहे. आग्वादच्या आत फिरून संध्याकाळी चहाला थांबणं ही सफर.

कारवारला नोकरी करणारा:
सफर ठीक आहे, पण "आतलं पाणी" याचा शब्द कुणी सांगितला नाही आणि खरी गोम तिथंच आहे. आमच्याकडं काळी नदीच्या तोंडाशी आणि बेटांच्या पाठीमागं असं पाणी मिळतं, बाहेर लाटा असल्या तरी आत बोट फार हलत नाही. मी तरी आडोशाचं पाणी म्हणतो. संस्कृतात निवात आहे, वारा लागत नाही ती जागा, गीतेतला निवातस्थ दीप तोच, पण तो इथं चालणार नाही कारण वारा अजिबात नसला तर शीड काय कामाचं? आडोसा लाटांपासून पाहिजे, वारा तर पाहिजेच.
आणि वाऱ्याचे शब्द शाळेत भूगोलात शिकलोय ते वापरा की. पहाटे जमिनीकडनं येतो तो मतलई वारा, दुपारी समुद्राकडनं येतो तो खारा वारा. यॉटवर हे दोन्ही प्रत्यक्ष समजतात. खाऱ्या वाऱ्यात तोंड थेट वाऱ्याकडं केलं की शीड फडफडायला लागतं, सगळी दोरी ठकठक वाजती, बोट जागेवर मरगळती. सुकाणू थोडं वळवून वारा साधारण ४५ अंशांवर घेतला आणि दोर ओढला की फडफड एकदम थांबते, शीड पोटासारखं फुगतं, बोट एका अंगावर कलती आणि नाळेखालनं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखालनं, पाण्याचा आवाज सुरू होतो. वारा जिकडनं येतोय तिकडंच जायचं तर असंच एकदा या अंगावर एकदा त्या अंगावर, नागमोडी.

बेळगावकर:
आडोशाचं पाणी लई आवडलं, घेतला. नांगराचं पण विचारायचं होतं, शेतातला आणि बोटीचा एकच शब्द कसा काय?

खानापूरकर:
फारशीत बोटीच्या नांगराला लंगर, संस्कृतात शेतातल्या नांगराला लांगल, मराठीत दोन्हीला नांगर. काम पण जवळचंच की, फाळ जमिनीत रुततो तसा तो तळाच्या चिखलात रुततो. फक्त दोर आखडता सोडू नका, पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट लागतो, भरतीला खोली वाढती तेही धरून. दोर आडवा ओढला गेला तरच नांगर धरतो, उभा ओढला तर निसटतो.

निपाणीकर:
एक लिहिण्याचं. शीड नपुंसकलिंगी, "शीड उभारलं, शिडं उतरवली". "शीड उभारली" असं लई ठिकाणी दिसतंय ते चूक. एकट्या शब्दात शी दीर्घ, पण शिडाची, शिडावर, शिडात यात शि ऱ्हस्व.